लस चांगली, पण सुई कुठे? सुरक्षित लसीकरण, खांद्याची इजा आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण

लस घेतल्यावर दंड दुखतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाने अनुभवले आहे. एक-दोन दिवस ठणकते, त्या कुशीवर झोपता येत नाही, मग आपोआप थांबते. पण काही मोजक्या लोकांचे दुखणे थांबत नाही. आठवडा जातो, महिना जातो, हात खांद्याच्या वर उचलता येत नाही. केस विंचरता येत नाहीत, फळीवरचा डबा काढता येत नाही, पाठीमागे हात नेता येत नाही. दवाखान्यात गेले की "लसीने दुखतेच, जाईल" असे सांगून परत पाठवले जाते.

अशा बहुतेक प्रकरणांत दोष लसीचा नसतो. लस चुकीच्या जागी, म्हणजे खांद्यावर फार वर टोचली गेलेली असते. ही इजा टाळता येते आणि ती टाळण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. लागते ते नीट प्रशिक्षण, बसायला दोन खुर्च्या आणि प्रत्येक माणसामागे थोडा वेळ.

आपल्या वस्त्यांमध्ये, विहारांत आणि समाजमंदिरांत लसीकरणाची सत्रे होतात. आपले कार्यकर्ते त्यासाठी घरोघरी फिरतात. आपल्या अनेक भगिनी एएनएम, नर्स आणि आशा म्हणून हेच काम करतात. म्हणून हा विषय डॉक्टरांपुरता ठेवून चालणार नाही. ज्याचे पोट हातावर आहे त्याचा खांदा आखडला, तर त्या घरातली चूल अडते. गवंडी, हमाल, सफाई कामगार, धुणीभांडी करणारी बाई यांच्यासाठी खांदा हेच भांडवल आहे.

'सिर्व्हा' म्हणजे काय?

लस टोचताना झालेल्या खांद्याच्या इजेला वैद्यकशास्त्रात 'शोल्डर इंज्युरी रिलेटेड टू व्हॅक्सिन ॲडमिनिस्ट्रेशन' असे म्हणतात. याचेच संक्षिप्त नाव सिर्व्हा. नावातच महत्त्वाचा मुद्दा आहे. ही इजा लसीतील औषधाशी नव्हे, तर लस देण्याच्या कृतीशी जोडलेली आहे.

२०१० साली अमेरिकेतील संशोधकांनी अशा १३ रुग्णांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध केली, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. त्यांपैकी बहुतेकांचे दुखणे लस घेतल्यापासून २४ तासांच्या आत सुरू झाले होते. जवळपास निम्म्या लोकांनी सांगितले की सुई नेहमीपेक्षा वर टोचली गेली होती. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सरकारने लसीमुळे होणाऱ्या इजांच्या अधिकृत तक्त्यात सिर्व्हाचा समावेश केला. त्यानुसार दुखणे लस घेतल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झालेले असावे लागते आणि त्या खांद्याला आधीपासून तसा त्रास नसावा लागतो.

खांद्याच्या आत नेमके काय होते?

खांद्यावर हात फिरवला तर बाहेरच्या कडेला हाडाचे एक टोक बोटांना लागते. त्याला ॲक्रोमियन म्हणतात. त्याच्या खाली दंडाचा जो मांसल, गोलसर भाग आहे तो डेल्टॉइड स्नायू. मोठ्या माणसांना बहुतेक लसी याच स्नायूत देतात. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे तिथे दिलेली लस नीट शोषली जाते आणि दुखणेही कमी होते.

पण या स्नायूच्या वरच्या भागाखाली, हाडाच्या टोकाजवळ, एक पातळ पिशवी असते. तिला बर्सा म्हणतात. हाड आणि स्नायुबंध एकमेकांवर घासू नयेत म्हणून निसर्गाने ठेवलेली ही गादीच समजा. हात वर-खाली करणारे स्नायुबंध आणि खांद्याचा सांधा तिच्या जवळच असतो. सुई फार वर गेली की लस स्नायूत न जाता या पिशवीत किंवा सांध्याच्या आसपास जाऊ शकते.

लसीचे काम शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणे हे आहे. स्नायूत ते काम व्यवस्थित होते. पण तीच लस बर्सामध्ये गेली की प्रतिकारशक्तीचा मारा त्या नाजूक जागेवर होतो आणि तिथे सूज धरते. त्यातून बर्साचा दाह होतो, स्नायुबंध सुजतात आणि काहींचा खांदा हळूहळू आखडतो. यालाच आपण 'फ्रोझन शोल्डर' किंवा खांदा जाम होणे म्हणतो.

सुई फार खाली किंवा दंडाच्या मागच्या बाजूला गेली तर वेगळा धोका असतो. तिथून हाताकडे जाणारी रेडियल नस जाते. तिला इजा झाली तर मनगट आणि बोटे वर उचलण्याची ताकद कमी होते. म्हणजे फार वर नको आणि फार खालीही नको. योग्य जागा दोन्हींच्या मधली आहे.

साधे दुखणे आणि इजा यांतला फरक

लस घेतल्यावर दुखणारा प्रत्येक खांदा म्हणजे सिर्व्हा नव्हे. हा फरक नीट समजून घेतला नाही तर उगाच भीती पसरते.

साधे दुखणे टोचलेल्या जागेभोवती असते. तिथे थोडी सूज किंवा लाली असू शकते. हात हलवला तर दुखते, पण हात हलतो. एक ते तीन दिवसांत उतार पडतो.

इजेचे दुखणे खांद्यात खोलवर असते. ते टोचतानाच किंवा पहिल्या दोन दिवसांत सुरू होते आणि उतरण्याऐवजी टिकून राहते किंवा वाढते. हात बाजूने वर नेणे, पाठीमागे नेणे कठीण होते. रात्री त्या कुशीवर वळले की जाग येते. आठवडाभरात उतार पडला नाही आणि हात पूर्वीसारखा फिरत नसेल, तर ते साधे दुखणे समजून अंगावर काढू नये.

हे किती वेळा घडते?

फार कमी वेळा. अमेरिकेत २०१६-१७ च्या हंगामात फ्लूची लस घेतलेल्या सुमारे ३० लाख लोकांच्या नोंदी तपासण्यात आल्या. त्यात दर १० लाख लोकांमागे बर्साच्या दाहाची सुमारे ८ जादा प्रकरणे आढळली. म्हणजे धोका खरा आहे, पण विरळ आहे. धनुर्वात, घटसर्प, गोवर किंवा कोविड यांनी होणाऱ्या हानीशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही.

तरीही विरळ आहे म्हणून दुर्लक्ष करणे बरोबर नाही. भारतात कोविडच्या लसीचे २२० कोटींहून अधिक डोस दिले गेले. इतक्या मोठ्या संख्येत विरळ गोष्टसुद्धा बऱ्याच माणसांच्या वाट्याला येते. आणि ज्याच्या वाट्याला येते त्याच्यासाठी ती दहा लाखांत आठ नसते. त्याचा तो एकच उजवा हात असतो.

नेमकी जागा कशी शोधायची?

लस देणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याच्या हाताला या पायऱ्यांची सवय व्हायला हवी.

१. लस घेणारा बसलेला असावा आणि लस देणाराही बसलेला असावा. देणारा उभा राहिला तर त्याचा हात वरून खाली येतो आणि सुई नकळत वरच्या भागात जाते.

२. खांदा आणि दंड पूर्ण उघडा करावा. बाही वर सरकत नसेल तर हात बाहीतून बाहेर काढावा. गळ्याकडून कपडा खाली ओढून जागा करू नये. तसे केले की खांद्याचा फक्त वरचा भाग दिसतो आणि जो भाग दिसतो तिथेच सुई टोचली जाते.

३. डोळ्याने अंदाज न करता बोटाने ॲक्रोमियन हाडाचे टोक शोधावे. जाड माणसात ते दिसत नाही, पण हाताला लागते.

४. त्या टोकापासून दोन ते तीन बोटे खाली यावे. खालची मर्यादा काखेच्या रेषेची. या दोन्हींच्या मध्ये, दंडाच्या बाहेरच्या बाजूला, उलट्या त्रिकोणासारखी जागा तयार होते. त्या त्रिकोणाच्या मध्यभागी सुई द्यावी.

५. हात सैल सोडायला सांगावे. कोपर किंचित बाहेर ठेवून हात कमरेवर किंवा मांडीवर ठेवला तर स्नायू सैल राहतो.

६. सुई त्वचेला काटकोनात, म्हणजे ९० अंशांत असावी. वरच्या दिशेने तिरकी नसावी.

७. सुईची लांबी माणसाच्या अंगकाठीला साजेशी असावी. सर्वसाधारण प्रौढ माणसाला एक इंचाची सुई पुरते. अंगाने जाड माणसाला दीड इंचाची लागू शकते. फार कृश माणसाच्या दंडाचा स्नायू हलकेच चिमटीत धरावा, म्हणजे सुई हाडाला लागत नाही.

८. लस देताना सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येते का हे पाहण्याची गरज नाही. त्याने वेदना वाढते आणि सुई आत हलते. टोचल्यावर जागा चोळूही नये. कापसाने हलके दाबून धरावे.

९. एकाच दंडात दोन लसी द्यायच्या असतील तर दोन जागांमध्ये किमान एक इंचाचे अंतर ठेवावे.

वयानुसार जागा बदलते

भारतात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ पासून चालू आहे. त्यात कोणती लस कुठे आणि किती खोल द्यायची हे ठरलेले आहे.

तान्ह्या बाळाच्या दंडाचा स्नायू अगदी लहान असतो. म्हणून ६, १० आणि १४ आठवड्यांना दिली जाणारी पेंटाव्हॅलंट लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला, मधल्या भागात स्नायूत देतात. १६ ते २४ महिन्यांचा डीपीटी बूस्टरही मांडीतच देतात. ५ ते ६ वर्षांचा डीपीटी बूस्टर, १० आणि १६ वर्षांची टीडी आणि गरोदर मातेची टीडी मात्र दंडात देतात.

दंडात दिली जाणारी प्रत्येक लस स्नायूत जात नाही. बीसीजी डाव्या दंडावर त्वचेच्या थरात देतात. गोवर-रुबेलाची लस उजव्या दंडावर त्वचेखाली देतात. पोलिओची टोचून द्यायची लस दंडावर त्वचेच्या थरात देतात. म्हणजे एकच दंड, पण तीन वेगवेगळ्या खोली आणि सुईचे तीन वेगवेगळे कोन. हे पुस्तकात वाचून येत नाही. हाताला वळण लागावे लागते.

कुल्ल्यावर लस देणे मात्र टाळायचे असते. तिथे चरबीचा थर जाड असतो आणि जवळून सायटिक नस जाते. "पूर्वी तर तिथेच द्यायचे" असे कोणी म्हटले, तर पूर्वीची ती पद्धत बदलली आहे हे शांतपणे सांगावे.

चूक कुठे होते?

चुकीच्या जागी सुई टोचणारी कर्मचारी निष्काळजी असते असे समजणे सोपे आहे. पण ती ज्या परिस्थितीत काम करते तीही पाहिली पाहिजे.

१६ जानेवारी २०२१ रोजी कोविड लसीकरण सुरू झाले तेव्हा एका सत्रात १०० जणांचे नियोजन होते आणि लस टोचणारी व्यक्ती एकच होती. पुढे गर्दी वाढली तशी अनेक ठिकाणी ही संख्याही वाढली. दिवसभर तीच कृती करताना पाठ दुखते, माणूस खुर्ची बाजूला सारून उभा राहतो आणि भराभर हात चालवतो. समोरचा माणूसही घाईत असतो. पूर्ण बाहीचा शर्ट न काढता कॉलर बाजूला ओढून "द्या ताई इथेच" म्हणतो.

बायकांच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. पोलक्याची घट्ट बाही वर जात नाही. आडोसा नाही, समोर पुरुषांची रांग, कोणी मोबाईलवर फोटो काढतोय. अशा वेळी बाई संकोचाने पदर थोडासा सरकवते आणि खांद्याचा जेवढा तुकडा दिसेल तेवढ्यात लस दिली जाते. पडदा ही केवळ मर्यादेची गोष्ट नाही. सुई योग्य जागी पडावी म्हणूनही तो लागतो.

याशिवाय मोठ्या मोहिमेसाठी घाईघाईने नेमलेले हात असतात. कंत्राटी कर्मचाऱ्याला काम लगेच मिळते, प्रशिक्षण मात्र अर्ध्या दिवसात उरकले जाते. मोठ्या सभागृहात पडद्यावर स्लाइड दाखवायच्या, हजेरीच्या सह्या घ्यायच्या आणि चहा देऊन मोकळे करायचे. हाडाचे टोक स्वतःच्या बोटाने शोधायला कोणी सांगत नाही.

चांगले प्रशिक्षण कसे असते?

लस टोचणे हे हाताचे कौशल्य आहे. सायकल चालवणे जसे व्याख्यान ऐकून येत नाही, तसेच हेही. चांगल्या प्रशिक्षणात किमान पुढील गोष्टी असाव्यात.

पहिली, एकमेकांच्या खांद्यावर सराव. प्रत्येकीने पाच-सहा वेगवेगळ्या अंगकाठीच्या सहकाऱ्यांच्या दंडावर हाडाचे टोक शोधून, पेनाने त्रिकोण आखून दाखवावा. यात सुई लागत नाही आणि खर्च शून्य. लठ्ठ, कृश, वयस्कर असे वेगवेगळे दंड हाताखालून गेले की अंदाज पक्का होतो.

दुसरी, करून दाखवणे आणि करून घेणे. प्रशिक्षकाने आधी कृती दाखवावी, मग शिकणाऱ्याने ती त्याच्यासमोर करावी. सुईच्या कोनाचा सराव स्पंजच्या पॅडवर किंवा मोसंब्यावरही होतो. कृती बरोबर आल्यावरच प्रत्यक्ष माणसाला लस द्यायला बसवावे.

तिसरी, कारण सांगणे. "दोन-तीन बोटे खाली" एवढाच नियम पाठ केला तर गर्दीत तो विसरला जातो. वर बर्सा आहे, तिथे लस गेली तर माणसाचा खांदा आखडतो, हे एकदा चित्रासह समजले की हात आपोआप थांबतो.

चौथी, पुन्हा उजळणी. मोहीम सुरू होण्याआधी, नवीन लस आल्यावर आणि वर्षातून एकदा तरी उजळणी हवी. वर्षानुवर्षे काम करणाऱ्या अनुभवी कर्मचाऱ्यांनाही ती हवी, कारण चुकीची सवयसुद्धा अनुभवानेच पक्की होते.

पाचवी, सत्रावर जाऊन पाहणी. पर्यवेक्षकाने फक्त रजिस्टर तपासून सही करू नये. दहा मिनिटे शेजारी बसून टोचणी पाहावी. चूक दिसली तर चारचौघांत न रागावता बाजूला घेऊन दुरुस्त करावी. अपमान झालेली कर्मचारी पुढच्या वेळी चूक लपवते.

जागेइतकीच महत्त्वाची इतर पथ्ये

सुरक्षित लसीकरण केवळ खांद्यापुरते नसते. लस टोचण्याआधी कुपीवरचे नाव, मुदत आणि थंड साखळीचा व्हीव्हीएम खुणेचा रंग पाहावा लागतो. बीसीजी आणि गोवर-रुबेला या लसींची भुकटी सोबत आलेल्या द्रावणातच मिसळायची असते. मिसळल्यापासून ४ तासांच्या आत त्या वापराव्या लागतात, उरलेली लस टाकून द्यावी लागते. टीडी, डीपीटी, पेंटाव्हॅलंट अशा लसींची उघडलेली कुपी मात्र नियम पाळून २८ दिवसांपर्यंत वापरता येते.

प्रत्येक माणसाला नवी, एकदाच वापरता येणारी सिरिंज हवी. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसवू नये, ती लगेच हब कटरने कापावी. लस घेतल्यावर ३० मिनिटे तिथेच बसवून ठेवावे, कारण तीव्र ॲलर्जी झाली तर ती बहुधा याच वेळात दिसते. त्यासाठी ॲड्रेनलिन हाताशी असावे. आणि निघण्यापूर्वी चार गोष्टी सांगाव्यात: कोणती लस दिली व ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो व तेव्हा काय करावे, पुढची लस कधी आणि कार्ड जपून ठेवा.

हे किती आवश्यक आहे ते यवतमाळ जिल्ह्याने पाहिले आहे. ३१ जानेवारी २०२१ च्या पोलिओ मोहिमेत तिथल्या एका गावात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने ती बचावली. बाटलीवरचे नाव वाचण्याची दोन सेकंदांची सवय तिथे कमी पडली होती.

मुल्कोवालचा धडा

चूक कृतीची आणि बदनामी लसीची, असे याआधीही घडले आहे. १८९७ मध्ये मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि ती आधी स्वतःला टोचून घेतली. मुंबईतील परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावात ही लस दिल्यानंतर १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना आपले पद गमवावे लागले.

पुढे तपासात दिसले की बाटली उघडण्याच्या वेळी चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. पण मधल्या पाच वर्षांत एका शास्त्रज्ञाची उमेद गेली आणि लोकांचा लसीवरचा विश्वास डळमळला. चूक मान्य करून लगेच शोधली असती तर दोन्ही वाचले असते. खांद्याच्या इजेबाबतही हेच लागू पडते. चूक नाकारली की अफवेला वाट मिळते. चूक नोंदवली की ती दुरुस्त होते.

इजा झाली असे वाटले तर

लसीची तारीख, लसीचे नाव, कोणता हात, टोचल्याची जागा आणि दुखणे कधी सुरू झाले हे लगेच लिहून ठेवावे. दंडावर टोचल्याची खूण दिसत असेल तर फोटो काढावा. कार्ड किंवा प्रमाणपत्र जपावे.

हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे आणि दुखणे लस घेतल्यानंतर सुरू झाले हे स्पष्ट सांगावे. तपासणीनंतर गरजेनुसार सोनोग्राफी किंवा एमआरआय सांगितले जाते. उपचारात दाह कमी करणारी औषधे, फिजिओथेरपी आणि काही वेळा खांद्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. खांदा दुखतो म्हणून हात महिनोन्‌महिने गळ्यात बांधून ठेवला तर तो अधिक आखडतो. म्हणून व्यायाम वेळेत आणि फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यानुसार सुरू करणे महत्त्वाचे. बरेच जण बरे होतात, पण काहींना सहा महिन्यांपेक्षा जास्त वेळ लागतो.

जिथे लस घेतली त्या केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला कळवावे. लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटना नोंदवण्याची व्यवस्था देशात आहे. तिला 'एईएफआय' म्हणतात. गंभीर घटनांचा तपास जिल्हा पातळीवरील समिती करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात अशा घटनांच्या कारणांचे पाच प्रकार आहेत आणि त्यांत 'लस देण्यातील चूक' हा स्वतंत्र प्रकार आहे. म्हणजे "लस सुरक्षित आहे, त्यामुळे तुमची तक्रार खोटी" हे उत्तर चुकीचे ठरते. लस सुरक्षित असूनही देण्यात चूक होऊ शकते, हे व्यवस्थेने स्वतःच मान्य केले आहे.

अमेरिकेत लसीमुळे इजा झालेल्यांसाठी १९८८ पासून भरपाईची योजना चालते. अलीकडच्या वर्षांत तिथे येणाऱ्या दाव्यांमध्ये खांद्याच्या इजेचे दावे सर्वाधिक आहेत. त्याच दबावातून तिथे लस देण्याच्या जागेबाबत चित्रे, सूचना आणि प्रशिक्षण वाढले. नोंद झाली म्हणून सुधारणा झाली, हे आपण लक्षात ठेवावे.

वस्तीतल्या शिबिरात कार्यकर्त्यांनी काय पाहावे?

लस टोचणे हे फक्त प्रशिक्षित कर्मचाऱ्याचे काम. पण ती नीट टोचता यावी अशी व्यवस्था करणे आपल्या हातात आहे.

शिबिर विहारात असो, समाजमंदिरात असो की अंगणवाडीत, लस देणाऱ्या ताईंसाठी आणि घेणाऱ्यासाठी सारख्या उंचीच्या दोन खुर्च्या ठेवा. उजेड चांगला असू द्या. एक कोपरा पडदा किंवा साडी बांधून आडोशाचा करा आणि बायकांना तिथे लस मिळेल असे पाहा.

निरोप देतानाच सांगा, "येताना सैल बाहीचे कपडे घालून या." पुरुषांना रांगेतच सांगा, "दादा, शर्टाची एक बाही काढून ठेवा." एवढ्याने प्रत्येक माणसामागे अर्धा मिनिट वाचतो आणि ताईंची घाई कमी होते.

एकाच वेळी सगळी गर्दी बोलावू नका, वेळा वाटून द्या. लस देणाऱ्या ताईंना मध्ये पाणी, चहा आणि विश्रांती मिळेल असे बघा. टोचताना फोटोसाठी त्यांना उभे करू नका. बॅनरसमोरच्या फोटोपेक्षा कोणाचा तरी खांदा मोलाचा आहे.

सुई फार वर जाते असे दिसले तर आरडाओरडा करू नका, मोबाईल काढून व्हिडिओही करू नका. जवळ जाऊन एवढेच म्हणा, "ताई, जरा खाली द्याल का? थोडं बसून घ्या, आम्ही रांग थांबवतो." लस घेणाऱ्यालाही हे विचारण्याचा हक्क आहे.

शिबिरानंतर आठवडाभराने घरोघरी एक फेरी मारा. ज्यांचा हात अजून दुखतो त्यांची नावे लिहून आरोग्य केंद्रात द्या आणि पोच घ्या. आशा ताईंना सोबत घेतले तर हे काम सोपे होते. आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना निवेदन देताना फक्त 'लस द्या' एवढीच मागणी करू नका. लस देणाऱ्यांना प्रत्यक्ष सरावाचे प्रशिक्षण, सत्रावर पुरेसे मनुष्यबळ आणि बसायला जागा, हेही लिहा.

देवीचा रोग लसीमुळे जगातून गेला, पोलिओ आपल्या देशातून गेला. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने ज्या रोगांत मुले गमावली, ते रोग आज आपल्या मुलांना पाहायलाही मिळत नाहीत. म्हणून लस घ्यायची, घरातल्या सगळ्यांना द्यायची, यात शंका नको. पण सरकारी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला मिळणारी लसही तितक्याच काळजीने, योग्य जागी, योग्य पद्धतीने मिळाली पाहिजे. ही मेहेरबानी नाही, त्याचा हक्क आहे. पुढच्या वेळी लस घ्यायला बसाल तेव्हा बाही पूर्ण काढा, खांद्याचे हाड स्वतःच्या बोटाने शोधा आणि दोन-तीन बोटे खाली मोजा. शेजारी बसलेल्यालाही दाखवा.